कुत्रा दुखतंय म्हणून सांगत नाही, ते आपणच बघायचं

आमच्या गुहागरच्या घराला पडवीला चिऱ्याच्या चार पायऱ्या आहेत. मोत्या आठ वर्षं त्या उड्या मारत चढला आणि गेल्या मे महिन्यात अंगणात आंब्याखालीच बसायला लागला, आम्ही म्हटलं उकडत असेल. मग एकदा नीट बघितलं तर पायरीशी यायचा, पुढचा पाय टेकवायचा, उगाच इकडेतिकडे बघायचा आणि वळसा घालून मागच्या दाराने आत, कारण तिकडे पायरीच नाही. कमरेचा सांधा धरला होता हो, पण एकदा कुंई केलं नाही.

म्हणून नवीन काय करतोय त्यापेक्षा आधी करायचा ते काय सोडलं ते बघा. झोपेतून उठल्यावर पहिली दहा पावलं ताठ टाकतो का, बसताना एक पाय बाहेर काढतो का, एकच जागा चाटून चाटून केस तांबूस झालेत का. बांगड्याचं डोकं बघून धावतो पण तोंडातून पाडतो किंवा एकाच बाजूने चावतो, तर दात नाहीतर अडकलेला काटा. गाढ झोपेत छाती मिनिटाला 30 पेक्षा जास्त वेळा हलतेय आणि हे रोजचंच झालंय, तर डॉक्टरला सांगा.

पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर, हे खेळतानाही करतात, पण परत परत करतोय, लाळ गळतेय, ओकायला बघतोय पण काही बाहेर पडत नाही तर पोटाचं आहे, सकाळची वाट बघू नका.

हात मानेपासून शेपटीपर्यंत हळू दाबत न्या आणि नजर त्याच्या तोंडावर ठेवा. कान मागे गेले, ओठ चाटला, श्वास धरला, की जागा सापडली. गुरगुरला तर फटका नको.

पावसात गोचीड बोटांच्या बेचक्यात आणि कानात बघा, गोचीडतापातही सांधे दुखतात, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर लगेच न्या. तोंड किंवा पाय अचानक सुजला तर फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, चावलेलं असू शकतं, पाला लावत बसू नका.

आणि घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अजिबात द्यायची नाही, लिव्हर-किडनी जाते, पोटात रक्तस्राव होतो.

दवाखान्यात घाबरून हे शहाणे एकदम ठणठणीत चालतात, मोत्या तर टेबलावर शेपटी हलवत होता, त्यामुळे घरीच पायऱ्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, आमच्या डॉक्टरांनी तो बघूनच एक्सरे काढायला सांगितला.