छोट्या विकीवर लिहिताना या चुका टाळा

आमचा विकी लहान. खान्देशातले खाणे, बोली, गावे, यात्रा एवढीच पाने, आणि नेमाने लिहिणारे जेमतेम दहा-बारा जण. विकिपीडियावर तुमचे वाक्य कोणी काढले तर तो माणूस बहुधा आयुष्यात भेटत नाही. इथे तो पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी बसतो.

म्हणून पहिली चूक: न सांगता पुसणे. कळण्याच्या भाकरीच्या पानावर एका ताईंनी लिहिले होते, चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद. रावेरकडच्या एका भाऊंनी ते 'तिनाला एक' केले आणि बदलाचा सारांश कोराच ठेवला. ताईंनी परत चार केले. दोन दिवसांत पानाच्या इतिहासात अकरा नोंदी, आणि शेवटी ग्रुपवर, "मन्हं लिखेल कोनी पुसं भो?" खरे तर दोघे आपापल्या घरचेच सांगत होते. सारांशात "आमच्याकडे तिनाला एक, दोन्ही ठेवू का?" एवढे लिहिले असते तरी भागले असते. आता पानावर दोन्ही प्रमाणे आहेत, कोणत्या गावचे ते लिहून. कोणी तुमचे उलटवले तर लगेच परत उलटवू नका, चर्चा पानावर जा. तिथे चार टिल्ड (~~~~) टाकून सही करा, नाहीतर कोण बोलतेय तेच कळत नाही.

बहिणाबाईंची बोली अहिराणी की लेवा गणबोली, हा वाद याच जातीचा. एका बाजूचे पुसून तो मिटणार नाही. कोणाचे मत काय, ते नावानिशी आणि संदर्भासह लिहायचे.

दुसरी चूक उत्साही लोकांची: सरसकट शोधा आणि बदला. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. एकाने म्हणून सगळ्या पानांवर 'नंदुरबार जिल्हा' करून टाकले, अगदी हुतात्मा शिरीषकुमारच्या १९४२ च्या हकिकतीतही. तेव्हा तो पश्चिम खान्देश होता. १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. ती पाने एकेक करून दुरुस्त करायला माझा एक अख्खा रविवार गेला.

जतन करताना 'संपादन संघर्ष' आला तर घाबरू नका. तुम्ही लिहीत असताना दुसऱ्याने तेच पान जतन केलेले असते. मीडियाविकीच्या (विकी ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरच्या) साध्या खिडकीत वर आताचा मजकूर दिसतो, खाली तुमचा. खालचा सगळा उचलून वर चिकटवला की दुसऱ्याची मेहनत गेली. फक्त आपला परिच्छेद वर न्या. पूर्ण पानाऐवजी एकच विभाग उघडून लिहिले तर हा प्रसंग सहसा येत नाही.

जुनी आवृत्ती परत आणतानाही जपा. सोमवारची आवृत्ती जतन केली की मंगळवार-बुधवारचे सगळ्यांचेच बदल जातात. एकच बदल नको असेल तर तेवढाच उलटवा. मधल्या संपादनांमुळे तो उलटत नसेल तर हाताने दुरुस्त करा.

पानाचे नाव बदलायला मजकूर नव्या पानावर चिकटवू नका, 'स्थानांतरण' वापरा. आमच्या भरिताच्या पानाचा इतिहास असाच जुन्या नावाखाली राहिला, आणि नव्या पानावर सगळे लेखन चिकटवणाऱ्याच्याच नावावर दिसायला लागले. त्यात त्यांनी न घातलेला टोमॅटोही आला. त्यावरून ते अजून बोलणी खातात.