माशांच्या जुन्या टेम्पोचा गंज काढताय? या चुका टाळा

जून लागला, मासेमारी बंद झाली की रत्नागिरीकडच्या मिरकरवाडा, हर्णै बंदरांचे टेम्पो रिकामे होतात आणि मालकांना एकदम गंज आठवतो. बाकीचे दहा महिने तीच गाडी बर्फाचं खारं पाणी गाळत फिरत असते, तेव्हा कुणी खाली वाकून बघत नाही. गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दरवर्षी. मग तारीख तोंडावर आली की फोन येतो, ‘मिस्त्री, वरवर करून द्या, यंदाचं पासिंग निघालं म्हणजे झालं.’ त्या वरवरच्या कामाचा निस्तार पुढच्या वर्षी दुप्पट पैशांत करावा लागतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे पत्र्यावर पत्रा मारणं. सडलेला भाग तसाच ठेवायचा, वर नवीन पत्रा टाकायचा, रिव्हेट मारायचे, कडेने सिलिकॉन फिरवायचं. दिसायला फक्कड.

अशीच एक जुनी टाटा ४०७ आली होती. मालकाची तक्रार एवढीच, की क्लच दाबला की सीट मागे कलते. रबर मॅट उचलली तर खाली चकचकीत चेकर्ड प्लेट, म्हणजे उंचवट्यांच्या नक्षीचा पत्रा. रिव्हेट उडवून ती काढली, तर तिच्याखाली आणखी एक पत्रा, तो गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. आणि त्याच्याखाली कंपनीचा मूळ फ्लोअर, म्हणजे त्याचे काळे-तांबूस पापुद्रे. झाडूने गोळा करून सुपलीत भरले. मार्चचं कडक ऊन होतं, तरी दोन पत्र्यांच्या मध्ये हाताला ओल लागत होती. ड्रायव्हरची सीट चारांपैकी एकाच बोल्टवर उभी होती, बाकीचे तीन कुजक्या पत्र्यात नुसते खोचलेले. घाटात जोराचा ब्रेक लागला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको. मालक म्हणाले, ‘पण वरून तर चकाचक होतं हो!’ त्या चकाचकचे त्यांनी दोनदा पैसे मोजले होते.

दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरतं, पण वारा शिरत नाही. त्यात मीठ असेल तर ते हवेतला दमटपणाही ओढून घेतं, त्यामुळे फट उन्हाळ्यातही पुरती सुकत नाही. शिवाय गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आत फुगतो, पत्रे एकमेकांपासून फाकवतो, रिव्हेट उपसतो. म्हणजे वरचा पत्रा गंज थांबवत नाही, त्याला आडोसा देतो.

माझी पद्धत साधी आहे. आधी हातोडीने ठोकत जायचं. ठणठणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, भद्द आवाज आला तर मेला. जिथे शंका तिथे जुना स्क्रूड्रायव्हर टोचायचा. खडूने मेलेल्या भागाची रेघ मारायची आणि तिच्या दोन बोटं बाहेरून कापायचं. मालकाला भोक मोठं बघून घाम फुटतो, फुटू दे. पॅच त्याच गेजचा घ्या. केबिनचा पत्रा साधारण १८ ते २० गेज, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास. ‘मजबूत पाहिजे’ म्हणून १४ गेज जोडायला गेलात तर जाड पत्रा तापेपर्यंत बारीक पत्र्याची कड जळून जाते. पॅचचे कोपरे गोल करा. सीओटू वेल्डिंगने लांब-लांब टाके मारा, थंड होऊ द्या, मग मधले भरा. एका दमात रेघ ओढली की पत्रा वाकडा झालाच म्हणून समजा. कुठे पत्र्यावर पत्रा चढवणं टळतच नसेल तर दोन्हींच्या आतल्या अंगाला वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर आणि बाहेरून दोन्ही बाजूंना सांधा बुजवणारा सीम सीलर हवाच.

भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वर लांबी (पुट्टी) भरणाऱ्यांबद्दल मी न बोललेलं बरं. लांबी पाणी पिते. ती चांगल्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावरचा खळगा भरायला असते, भोक बुजवायला नाही. जुनी गाडी विकत घेताना खिशात चुंबक ठेवा आणि दाराच्या खालच्या कडांवरून, चाकाच्या कमानीवरून फिरवा. चिकटत नसेल तिथे काय भरलंय ते कळेल.

आता पावसाळ्यातल्या रंगाबद्दल. बंदीत गाडी रिकामी असते हे मान्य, पण आपल्याकडे जुलैत सकाळी घासून पांढरा केलेला पत्रा दुपारी चहा पिऊन येईपर्यंत नारिंगी पडतो. त्यावर प्रायमर मारला तर तो गंजावरच मारला. कापाकापी आणि वेल्डिंग बंदीत खुशाल उरका, पण रंगाला मे महिना गाठा. नाहीच जमलं तर बंद शेडमध्ये, हॅलोजन लावून पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत तापवा आणि जेवढं घासलं तेवढं लगेच प्रायमरखाली घाला. हातभर भाग घ्या, तो पुरा करा, मग पुढचा. घाई असलेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांनी दुसरं गॅरेज बघावं.

त्याच्याही आधी धुणं. ग्राइंडर लावण्याच्या अगोदर सगळी गाडी खालून गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा आणि पुरती सुकू द्या. मीठ गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं असतं. ते राहिलं तर वरून कितीही महाग रंग मारा, फोड येणार. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी या कामाला चालत नाही, टँकर मागवा.

वायर ब्रशने गंज चमकतो, निघत नाही. ग्राइंडरला लावायची पॉलिशपेपरच्या पाकळ्यांची फ्लॅप डिस्क वापरा, खोल खड्डे असतील तर सँड ब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, करून घ्या.

हल्ली पोरं व्हिडिओ बघून गंज ‘बदलणारं’ द्रावण घेऊन येतात. फवारा मारला की गंज काळा पडतो आणि त्यांना वाटतं काम झालं. त्यात फॉस्फोरिक नाहीतर टॅनिक आम्ल असतं. घट्ट धरलेल्या पातळ गंजावर ते कामाचं आहे, पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर फुकट. शिवाय फॉस्फोरिकवाल्याचं आम्ल नीट न धुता वर एपॉक्सी प्रायमर मारला तर तो धड वाळत नाही आणि सालीसारखा सुटतो. डब्यावरचं वाचा की राव, बारीक अक्षरात असलं तरी.

नुसता रेड ऑक्साइड प्रायमर मारून गाडी रस्त्यावर काढू नका. तो पाणी अडवत नाही, वर रंग हवा. खालच्या अंगाला मी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमरच मारतो.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला जस्त न घासता वेल्डिंग केलंत तर त्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरते.

डांबरी अंडरकोटिंगचा मला राग नाही, ते गंजावर फासणाऱ्यांचा आहे. आणि ते मारताना दाराच्या तळाची, फूटबोर्डाची पाणी निघायची भोकं बुजवून टाकतात! आधी भोकांत काड्या खोचा, कोटिंग झालं की काढा. बंद पोकळ्यांत मेण फवारा. जुने ड्रायव्हर जळकं ऑइल मारतात. थोडे दिवस चालतं, पण रबराचे बुश फुगतात आणि खाली जमिनीवर ठिबकत राहतं ते वेगळं.

हौद्याखाली (मागच्या माल भरायच्या भागाखाली) चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, लाकडी पट्टी असते, ती कुणी उचलून बघत नाही. लाकूड खारं पाणी धरून ठेवतं आणि चॅसीची वरची कड तिथेच खाल्ली जाते. हौदा सुटा केलाच आहे तर पट्टी बदला. तिथे चॅसी बारीक झालेली दिसली तर वर-खालच्या कडांवर आडवं वेल्डिंग मारू नका, क्रॅक तिथूनच सुरू होतो. जोडपट्टी उभ्या अंगाला, आणि तिची टोकं सरळ उभी न कापता तिरकी कापलेली. हे काम चॅसीवाल्याकडेच द्या, पत्रेकाम करणाऱ्या डेंटरकडून करून घेऊ नका.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. डिझेलची टाकी जवळ असेल तर उतरवून लांब ठेवा. रिकामी आहे म्हणू नका, आतली वाफच पेटते. काचांवर ओलं गोणपाट टाका, ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतल्या की निघत नाहीत.

आणि चॅसी नंबरच्या जागी ग्राइंडर अजिबात नाही. हाताने घासा, ग्रीस लावा, वर टेप मारा, रंग झाला की टेप काढा. नंबर पुसट झाला तर पासिंगला गाडी बाजूला लावतात आणि गाडी चोरीची नाही हे सिद्ध करायला कागद घेऊन तुम्हालाच आरटीओत खेपा घालाव्या लागतात.