ड्रिल हॉल नोंदवायला निघालात? आधी सैनिकांच्या नंबरांचा घोळ समजून घ्या

या कामात पोटापुरता पगार नाही, हे आधीच सांगून टाकते. मी पुण्याहून इंग्लंडला वारसा-संवर्धन शिकायला आले त्याला सहा वर्षं झाली. आठवड्याचे तीन दिवस एका अभिलेखागारात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात यॉर्कशरमधले जुने ड्रिल हॉल व तिथे कवायत केलेली माणसं नोंदवते. यंदा आपल्याकडच्या तीन-चार मुलामुलींनी फोन करून विचारलं, "ताई, आम्हालाही हे करायचंय, सुरुवात कुठून करू?" फोनवर तुटक तुटक सांगितलं, ते इथे सलग लिहिते.

ड्रिल हॉल म्हणजे काय, हे तुम्ही वाचलेलं असणार. १८५९ मध्ये फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीने गावोगाव स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या, १९०८ मध्ये युद्धमंत्री हॉल्डेनने त्यांची टेरिटोरियल फोर्स, म्हणजे अर्धवेळ सैनिकांची फौज केली. दिवसभर गिरणीत नाहीतर पेढीवर राबून संध्याकाळी कवायतीला येणाऱ्या माणसांसाठी हे हॉल बांधले गेले. १९६७ च्या कपातीत त्यातले पुष्कळ लष्कराच्या हातून गेले. कुठे गोदाम झालं, कुठे बॅडमिंटन सुरू झालं, कुठे पाडून फ्लॅट उठले. लिंकन शहरातल्या १८९० च्या हॉलमध्ये आज नाटकं होतात, पण असं नशीब थोड्यांचं.

इमारत नोंदवणं त्यामानाने सोपं आहे, घाबरू नका. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचे जुने नकाशे फुकट बघता येतात. २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशावर 'ड्रिल हॉल' ही अक्षरं शोधा आणि आजचा नकाशा त्यावर ठेवून बघा. जागेवर गेलात की खुणा ओळखू येतात. रस्त्याकडेला दुमजली कचेरी, तिच्या पोटातून आत जाणारी रुंद कमान, मागे खांब नसलेला लांब हॉल, छताला लोखंडी कैच्या, आणि उजेड येतो तो छतातल्या काचांतून. एखादी छोटी खोली जाड दाराची आणि खिडकीला गज असलेली दिसली, तर ती कोत. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या तोंडी 'शस्त्रागार' कधी आलं नाही, कायम कोत. माझ्या टिपणांतही मी तोच शब्द लिहिते.

मागच्या अंगाला पुष्कळदा २५ यार्डांची लहान रायफलींची रेंज सापडते. तिथे झाडू मारू नका, हात लावू नका. गोळ्या झेलणाऱ्या पोलादी पत्र्याभोवती वर्षानुवर्षांची शिशाची धूळ बसलेली असते. छतात आणि पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला. या देशात त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. मालकाची लेखी परवानगी आणि ॲस्बेस्टॉसचा अहवाल हातात आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. फोटो हुकला तर हुकू दे.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक. इथे 'व्हॉलंटियरिंग' वेगळं आणि 'व्हॉलंटरी वर्क' वेगळं. दुसरं तुमच्या आठवड्याच्या २० तासांत मोजलं जातं, पैसे मिळोत न मिळोत. संस्थेचं पत्र घ्या, विद्यापीठाच्या कचेरीत दाखवा, मगच हो म्हणा.

आता माणसांकडे वळते. मला शिकवणारे सगळे म्हणत, आधी इमारत मोजून घे, माणसं नंतर. मला हे साफ चूक वाटतं. सक्तीची लष्करी सेवा संपवून पुढची साडेतीन वर्षं राखीव म्हणून ड्रिल हॉलमध्ये हजेरी लावणारी पिढी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. १९६७ मध्ये कुलूप लागताना जे वीस वर्षांचे होते, तेही पंच्याहत्तरी ओलांडून गेलेत. भिंत आणखी वर्षभर उभी राहील. माझ्या यादीतले चार जण मी फोन करायच्या आधी गेले. त्यातल्या दोघांचे नंबर सहा महिने माझ्या वहीत होते.

पहिली मुलाखत घेतली त्या आजोबांना मी हौसेने रिकाम्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसवलं. दीड तास ते बोलले. घरी येऊन ऐकलं तर हॉल इतका घुमत होता की निम्मे शब्द लागेनात. दुसऱ्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. या वेळी मी "कसं वाटायचं?" असं विचारलंच नाही. टेबलावर मोठा कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "मंगळवारी संध्याकाळी आलात की कुठल्या दाराने आत शिरायचात? ओला कोट कुठे टांगायचात? कोतीची किल्ली कुणाकडे असायची?" ते काढत गेले. इथे पॅराफिनचा हीटर, इथे सार्जंटची खोली, इथे चहाची टाकी. मग पेन्सिल थांबली आणि त्यांनी भांडारखोलीच्या मागच्या भिंतीत एक दार काढलं. ते दार एकाही नकाशात नव्हतं. पुढच्या आठवड्यात जाऊन फडताळ सरकवलं, तर मागे विटांनी बुजवलेली चौकट. त्या दाराने उशिरा येणारी पोरं गल्लीतून गुपचूप आत यायची, हे मला कुठल्या फायलीत सापडलं असतं?

हॉलमध्ये त्यांना जरूर घेऊन जा, चालू द्या, बोटाने दाखवू द्या. पण ध्वनिमुद्रण घरी करा, पडदे-गालिचे असलेल्या खोलीत. संमतीपत्रावर सही मुलाखत झाल्यावर घ्या, म्हणजे आपण काय बोललो हे माहीत असताना माणूस सही करतो. त्यांच्या शब्दांचा हक्क त्यांचा असतो, म्हणून त्या कागदात हक्काचा उल्लेख हवाच. आपोआप लिहून देणाऱ्या ॲपवर माझा विश्वास नाही. यॉर्कशरची बोली त्याला झेपत नाही, आणि स्वतः ऐकून लिहिताना जे कानात बसतं तेच पुढचा प्रश्न सुचवतं.

आता तो घोळ. इथे मी लांबण लावणार आहे.

लोकरीच्या गिरण्यांच्या एका गावातल्या हॉलच्या १९१४ च्या कंपनीची यादी मी करत होते. हॉलमध्ये लाकडी फलक होता. स्थानिक वर्तमानपत्रांत दर आठवड्याला छापून येणारे कवायतीचे हुकूम होते. शिवाय पदकांची नोंदवही आणि युद्धात पडलेल्यांच्या याद्या. मूळ सेवापत्रकं पाहावीत म्हटलं तर त्यांतली बहुतेक १९४० च्या सप्टेंबरात लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाली, उरलेली लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'जळके कागद' याच नावाने ओळखली जातात. म्हणून नावं जुळवायची कशावर, हा प्रश्न होता. मला मार्गदर्शन करणारे गृहस्थ म्हणाले, "नंबर जुळव. सैनिकाचा नंबर म्हणजे सैनिक." मी ते वेदवाक्य मानलं.

नियमित सैन्यातसुद्धा ते पूर्ण खरं नव्हतं, आणि टेरिटोरियलमध्ये तर अजिबात नाही. १९०८ पासून प्रत्येक टेरिटोरियल पलटण स्वतःचे नंबर स्वतः देत होती, अगदी १ पासून. त्यामुळे एकाच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीत एक २४१७ असतो आणि सहाव्या पलटणीत दुसरा २४१७. पलटण बदलली की नंबर बदलला. मग १९१७ च्या सुरुवातीला पायदळातल्या सगळ्या टेरिटोरियलना सहा आकडी नवे नंबर दिले गेले, २००००१ पासून पुढे. जो त्याआधी पडला किंवा सुटला त्याच्याकडे फक्त जुना नंबर. जो टिकला त्याच्याकडे दोन. तो पुढे मशीनगन कोअरमध्ये गेला तर तीन.

मी काय केलं? तक्त्यात नंबर हीच किल्ली धरली. त्यामुळे १९ माणसं दोनदा मोजली गेली, एकदा चार आकड्यांत आणि एकदा सहा आकड्यांत. ते तरी मोजणीतून नंतर लक्षात आलं असतं. खरं नुकसान उलट बाजूने झालं. त्या खोऱ्यात आडनावं इन मीन चार, आपल्याकडे एका गावात निम्मे पाटील आणि निम्मे जाधव असतात तसं. शेजारच्या दोन पलटणींत एकच आडनाव, एकच आद्याक्षर आणि एकच चार आकडी नंबर असलेले दोन चुलतभाऊ होते. मी त्यांचा एक माणूस केला आणि त्याच्या नावापुढे 'धारातीर्थी, १९१६' लिहिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी नव्वदीच्या एक बाई काठी टेकत फलकापाशी आल्या. बराच वेळ वाचत उभ्या होत्या. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "हे माझे वडील. ते याच गावात गेले, १९६३ मध्ये. त्या दिवशी सकाळचा चहा मीच त्यांना दिला होता." त्या रागावल्या नाहीत. मला आजही ती जागा, त्यांचं निळं पाकीट, फलकावरचा माझा टंक, सगळं दिसतं. त्यांच्या वडिलांना मी मारलं होतं, आणि खरोखर पडलेला चुलतभाऊ यादीत नव्हताच.

म्हणून कृपा करून हे करा. प्रत्येक माणसाला तुमचा स्वतःचा अनुक्रमांक द्या, लष्कराचा नको. लष्करी नंबर वेगळ्या रकान्यात लिहा, प्रत्येक नंबरापुढे पलटण आणि कधीपासून कधीपर्यंत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या नोंदवहीत पुष्कळ टेरिटोरियलचे जुने-नवे दोन्ही नंबर शेजारी शेजारी सापडतात, ती आधी उघडा. नवे नंबर सहसा जुन्यांच्याच क्रमाने दिले गेले, म्हणून एखादा दुवा तुटला तर त्याच्या मागच्या-पुढच्या दहा माणसांचे नंबर मांडून बघा, मधली जागा आपोआप दिसते. आणि नंबर, पत्ता व नातेवाईक यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी एक करू नका. शंका असेल तर दोन माणसं राहू देत. दोन माणसं पुढे कधीही जोडता येतात.

नावांच्या बाबतीत हे लोक किती हळवे असतात हे समजायचं असेल तर एडिनबरोजवळच्या लीथला डाल्मेनी स्ट्रीटवर जा. २२ मे १९१५ ला सातव्या रॉयल स्कॉट्स पलटणीची आगगाडी गॅलिपोलीच्या वाटेवर क्विंटिन्सहिलपाशी दुसऱ्या गाडीला धडकून पेटली. दोनशेहून अधिक सैनिक गेले. प्रेतं याच रस्त्यावरच्या ड्रिल हॉलमध्ये आणून ठेवली होती. पलटणीची हजेरीयादी आगीत जळाल्यामुळे नेमका आकडा कधीच ठरला नाही. आज तिथे कलाकारांचे स्टुडिओ आणि कॅफे आहे. मी त्या हॉलच्या मधोमध उभी राहिले तेव्हा माझा तक्ता घरी जाऊन पुन्हा पहिल्यापासून करायचा, हे ठरलं.

"तुम्हा भारतीयांना याचं काय?" असं कुणी ना कुणी विचारणारच. मनाला लावून घेऊ नका, उत्तर तयार ठेवा. ऑक्टोबर १९१४ मध्ये वेसेक्स डिव्हिजनचे टेरिटोरियल साउदॅम्प्टनहून निघाले आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरले, भारतातल्या गोऱ्या नियमित पलटणींना फ्रान्सला जायला मोकळं करायला. विंचेस्टरच्या हॉलमधली हॅम्पशर रेजिमेंटची १/४ (म्हणजे चौथीतली पहिली) पलटण त्यांतच होती. मार्च १९१५ मध्ये ती बसऱ्याला गेली आणि तिची एक तुकडी इराकमधल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्याच वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सगळे एकत्र कैदी झाले. हॅम्पशरच्या कवायतीच्या हॉलमधला कारकून आणि आपल्याकडचा शेतकऱ्याचा पोरगा एकाच भुकेत दिवस काढत होते. हे सांगितलं की लोक चहा ओततात आणि पेटीतले फोटो काढतात.

पैसे खर्च करून वंशावळीच्या साइटची वर्गणी घेऊ नका. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांतल्या पुष्कळ साइट फुकट बघता येतात, आणि तिथल्या स्थानिक इतिहासाच्या कपाटापाशी बसणाऱ्या बाई कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त उपयोगी पडतात, हा माझा अनुभव. तुमची नोंद काउंटीच्या ऐतिहासिक नोंदवहीत पाठवा, फलक सापडला तर इम्पीरियल वॉर म्युझियमच्या स्मारकांच्या नोंदणीत द्या. स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवलेलं काम लॅपटॉपबरोबर जातं.

फलक नव्याने छापायचा होता तेव्हा मी त्या बाईंना दाखवायला गेले. वडिलांच्या नावापुढे आता दोन्ही नंबर होते, तारखांसकट, आणि खाली चुलतभाऊ वेगळा. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "ते विणकर होते, हेही लिहाल का?" मी लगेच हो म्हणाले नाही. घरी येऊन १९२१ ची जनगणना उघडली. वडिलांच्या घराचा पत्ता, वडिलांची आई, त्यांचा धाकटा भाऊ, आणि वडिलांपुढे 'वूलन वीव्हर' (लोकरीचा विणकर), शेजारच्या रकान्यात गिरणीचं नाव. मग छापायला पाठवलं.