विकत घेतलेल्या वाफेचा कार्बन हिशोब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल नाहीतर डाईंगचं युनिट असेल आणि एक्सपोर्टचा बायर कार्बनचा आकडा मागत असेल तर आधी एक बघा, बॉयलर कुणाचा? स्वतःचा असेल तर तो स्कोप १ (आपण स्वतः जाळलेल्या इंधनाचं उत्सर्जन), पण शेजारच्या प्लांटकडून पाइपने वाफ विकत घेत असाल तर ती स्कोप २ मध्ये (विकत घेतलेल्या ऊर्जेचं उत्सर्जन) जाते, लाइटबिलासारखीच. बरेच जण इथंच गडबडतात.

हिशोब अवघड नाहीये. साधारण ७ बार दाबाची १ टन वाफ, पाणी ३० डिग्रीचं धरलं तर त्यात सुमारे २.६ गीगाज्यूल उष्णता असते, बॉयलरची एफिशियन्सी ७५ टक्के असेल तर त्यासाठी जवळपास ३.५ गीगाज्यूल कोळसा जाळावा लागतो, आणि कोळशाला गीगाज्यूलमागे ९६ किलोच्या आसपास सीओटू धरतात, म्हणजे टनाला ३३० किलोच्या पुढंच. महिन्याला १०० टन वाफ घेतली की झाले ३३ टन! एफिशियन्सी आणि इंधन सप्लायरकडून लेखी घ्या, तोंडी नको, कारण सगळा आकडा त्यावरच हलतो.

कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) परत पाठवत असाल तर त्याची उष्णता वजा करा, हे लोक हमखास विसरतात. आणि बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर असेल (आपल्याकडं साखर कारखाने काय कमी आहेत का) तर सीओटू वेगळा दाखवायचा, स्कोप २ मध्ये फक्त मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. बिलं मात्र टनात आहेत की किलोत, ते एकदा नीट बघून घ्या.