ग्राफक्यूएल स्कीमातले टाइप कसे समजावून लिहावेत : कापूस खरेदीच्या एपीआयचं उदाहरण

शेतकरी उत्पादक कंपनीने कापूस खरेदीची एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) काढली, की तिचे वापरणारे भराभर वाढतात. जिनिंगचा हिशेबनीस तिला आपलं एक्सेल जोडतो. तालुक्याच्या गावातला एखादा पोरगा शेतकऱ्यांसाठी ॲप बनवायला घेतो. बँकेला चुकाऱ्यांची, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायच्या पैशांची, यादी हवी असते. स्कीमा, म्हणजे एपीआयमधल्या माहितीचा आराखडा, या सगळ्यांना दिसतो, पण तो लिहिणारा माणूस दर वेळी फोनवर सापडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक टाइपची (माहितीच्या प्रकाराची) माहिती स्कीमातच लिहून ठेवावी लागते. ती कशी लिहायची, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

ग्राफक्यूएल ही एपीआयकडून डेटा मागायची भाषा. ते 2012 मध्ये फेसबुकमध्ये तयार झालं आणि 2015 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. मागणाऱ्याने हवी तेवढीच फील्ड्स (माहितीचे रकाने) मागायची, ही त्याची मुख्य सोय. वावरात उभं राहून भाव बघणाऱ्याला, जिथे टॉवर धड मिळत नाही तिथे, ही सोय फार मोलाची आहे. काय मागता येईल हे टाइप ठरवतात. मात्र टाइप फक्त आकार सांगतो. ‘ओलावा : फ्लोट’ (फ्लोट म्हणजे दशांशाचा आकडा) एवढ्यावरून आकडा टक्क्यांत आहे का, कोणी मोजला, मोजलाच नसेल तर काय येतं, यातलं काहीच कळत नाही. जे टाइपला सांगता येत नाही, ते वर्णनात लिहायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पायरी 1 : वर्णन योग्य जागी लिहा

स्कीमाच्या भाषेत वर्णन तीन दुहेरी अवतरणचिन्हांमध्ये, टाइपच्या किंवा फील्डच्या अगदी वर लिहितात. त्यात मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकूर सजवायची पद्धत) चालतं. # लावून लिहिलेली टिप्पणी वेगळी. ती फक्त फाइल उघडणाऱ्याला दिसते, इंट्रोस्पेक्शनमध्ये (सर्व्हरलाच त्याचा स्कीमा विचारण्याच्या सोयीत) जात नाही, त्यामुळे ग्राफिक्यूएलसारख्या साधनात क्वेरी (एपीआयकडे करायची मागणी) लिहिणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. बाहेरच्यांसाठीचा मजकूर #च्या मागे अडकलेला मी बऱ्याच स्कीमांत पाहिला आहे. तो आधी उचलून अवतरणचिन्हांत आणा.

स्कीमा कोडमधून तयार होत असेल, तर वर्णनाची जागा लायब्ररीप्रमाणे बदलते. पायथनच्या ग्राफीनमध्ये क्लासची डॉकस्ट्रिंगच (कोडात वर लिहिलेली माहितीची ओळ) टाइपचं वर्णन होते. म्हणजे सहकाऱ्यासाठी लिहिलेली ‘हे नंतर बघू’ अशी ओळसुद्धा बाहेर जाते. जावास्क्रिप्टच्या ग्राफक्यूएल-जेएसमध्ये त्यासाठी वेगळा गुणधर्म द्यावा लागतो.

भाषेचंही आताच ठरवा. टाइप आणि फील्डच्या नावांत फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेखा (_) चालते. सुरुवातीला अंक चालत नाही, आणि दोन अधोरेखांनी सुरू होणारी नावं इंट्रोस्पेक्शनसाठी राखीव आहेत. वर्णनाला असं कुठलंच बंधन नाही, ते सरळ मराठीत लिहा. काट्यावरचा माणूस, हिशेबनीस आणि प्रोग्रामर या तिघांनाही वाचता येईल अशी हीच एक जागा आहे. (या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून नावंही देवनागरीत दिली आहेत.)

पायरी 2 : प्रत्येक आकड्याला एकक द्या

ग्राफक्यूएलचे अंगचे स्केलर (एकच साधं मूल्य असलेले टाइप) पाचच आहेत : इंट (पूर्णांक), फ्लोट, स्ट्रिंग (मजकूर), बूलियन (हो किंवा नाही) आणि आयडी (ओळख). खरा घोळ इथेच होतो, म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

ओलाव्याचंच घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात होते आणि 12 च्या वर कापूस घेतला जात नाही. म्हणजे या एका आकड्यावर शेतकऱ्याची गाडी परत जाऊ शकते. त्याचं वर्णन असं हवं (नल म्हणजे मूल्यच नाही) :

"""
कापसातला ओलावा, टक्क्यांत. 8.5 म्हणजे साडेआठ टक्के, 0.085 नव्हे.
ग्रेडरने मीटरवर मोजलेला. मोजला नसेल तर नल.
"""

क्षेत्राचंही तसंच. सातबाऱ्यावर ‘1.20’ म्हणजे 1 हेक्टर 20 आर, जवळपास 3 एकर. बोलताना मात्र सगळे एकरात बोलतात. वर्णनात ‘हेक्टर-आर, सातबाऱ्यावर आहे तसं’ एवढे शब्द नसले, तर ॲप बनवणारा तो आकडा एकर समजणार आणि एकरी उतारा जवळपास अडीच पट फुगवून दाखवणार.

रकमेकडे जास्त बारकाईने बघा. इंट 32 बिटांचा असतो, त्यात 2147483647 पर्यंतच आकडा मावतो. हिशेब पैशांत ठेवला, तर ही मर्यादा 2 कोटी 14 लाख रुपयांच्या थोडी पुढे संपते. हंगामात कंपनीचे एकूण चुकारे त्याच्या पुढे सहज जातात. फ्लोटमध्ये ठेवलं तर दशांशाच्या गणितात पैशापैशाचा फरक पडत जातो. म्हणून ‘रक्कम’ असा स्वतःचा स्केलर करा आणि त्याच्या वर्णनात लिहा : रुपयांत, दशांशानंतर दोन अंक, स्ट्रिंग म्हणून पाठवलेली, स्वल्पविराम नाहीत. तारखेसाठीही असाच स्केलर करतात. स्वतःच्या स्केलरचा सविस्तर नियम दुसरीकडे लिहिलेला असेल, तर ‘@स्पेसिफाइडबाय’ या डायरेक्टिव्हने (स्कीमात @ लावून द्यायच्या सूचनेने) त्याचा पत्ता जोडता येतो. ही सोय ऑक्टोबर 2021 च्या स्पेसिफिकेशनपासून आहे.

आयडीबद्दल एकच गोष्ट लिहा, पण ती नक्की लिहा : तो कुठल्या हद्दीत एकमेव आहे. गट क्रमांक 112 गावोगावी सापडतो. तो एकट्याने कुठलंच वावर ओळखून देत नाही, सोबत गावाचा कोड लागतो.

पायरी 3 : उद्गारचिन्हाचा अर्थ सांगा

टाइपच्या पुढे ! असलं की ते फील्ड नल येणार नाही, असं वचन सर्व्हर देतो. दिसायला लहान चिन्ह आहे, पण ते लावताना आणि समजावताना घाई करू नका.

समजा, यवतमाळ जिल्ह्याचे भाव देणारं फील्ड असं आहे : ‘आजचे भाव : [भाव!]!’ (चौकटी कंस म्हणजे यादी), आणि ‘भाव’ टाइपच्या आत ‘सर्वसाधारण दर : फ्लोट!’. आता अवकाळी पावसामुळे राळेगावात हर्रास (लिलाव) झाला नाही. दर नाही, म्हणून सर्व्हरकडून नल आलं. वचन मोडलं. ग्राफक्यूएल त्या फील्डवर चूक नोंदवतं आणि नल वरच्या पातळीवर ढकलतं. राळेगावचा अख्खा ‘भाव’ नल होतो. यादीच्या आत ! आहे, त्यामुळे यादीत नल बसू शकत नाही, म्हणून पूर्ण यादी नल होते. यादीच्या बाहेरही ! आहे, म्हणून नल आणखी वर जातं आणि उत्तरातला सगळा डेटाच नाहीसा होतो. वणी, पांढरकवडा, उमरखेडचे चांगले आलेले भावही दिसत नाहीत. राळेगावातल्या पावसाने वणीच्या शेतकऱ्याच्या मोबाइलची पाटी कोरी!

उपाय साधा आहे. दराचं ! काढा आणि वर्णनात लिहा :

"""
त्या दिवसाचा सर्वसाधारण दर, रुपये प्रति क्विंटल.
हर्रास झाला नाही तर नल. शून्य कधीच येत नाही.
"""

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. नल आणि शून्य यांतला फरक लिहिलेला नसला, की कोणीतरी शून्य धरून जिल्ह्याची सरासरी काढतं आणि ती खाली येते.

कंसाच्या आतलं ! नगांबद्दल बोलतं, बाहेरचं ! यादीबद्दल. यादी रिकामी असू शकते का, याबद्दल दोन्ही गप्प असतात. [भाव!]! मध्येही रिकामी यादी पूर्ण वैध आहे. म्हणून रिकाम्या यादीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र लिहा : ‘रिकामी यादी म्हणजे त्या दिवशी जिल्ह्यातल्या एकाही बाजार समितीची नोंद आलेली नाही.’

पायरी 4 : इनमच्या प्रत्येक पर्यायाचं वर्णन करा

इनम म्हणजे ठरलेल्या पर्यायांचा टाइप. ‘बहार’ (संत्र्याला फुलं येण्याचा हंगाम) या इनमवर एक ओळ लिहून थांबू नका. आंबिया आणि मृग या दोन्ही पर्यायांवर वेगळं वर्णन लिहा. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही, पण एपीआय वापरणारा पुण्यात बसलेला असू शकतो. ‘धागा’ इनममध्ये मध्यम आणि लांब कशाला म्हणायचं, ते ग्रेडर कोणत्या कसोटीवर ठरवतो, हे लिहा.

दरवर्षी बदलणारा आकडा मात्र वर्णनात घालू नका. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याचा हमीभाव 7710 आणि लांब धाग्याचा 8110 रुपये क्विंटल ठरला होता. असा भाव डेटात हवा, हंगामासकट. वर्णनात लिहिलेला भाव पुढच्या वर्षी कोणी बदलत नाही, आणि लोक स्कीमावर विश्वास ठेवून तोच वापरतात.

इंटरफेस (अनेक टाइपांना समान असलेली फील्ड्स) आणि युनियन (अनेक टाइपांपैकी कुठला तरी एक) यांना फार लिहावं लागत नाही. इंटरफेस असेल तर तो पाळणाऱ्या सगळ्या टाइपांत काय समान आहे ते सांगा : ‘शेतमाल’मध्ये नाव, एकक आणि हंगाम, मग तो कापूस असो, तूर असो की संत्रा. युनियनच्या वर्णनात कुठला प्रकार केव्हा येतो हे लिहा, आणि पुढे नवा प्रकार वाढू शकतो याची सूचना द्या.

पायरी 5 : इनपुट टाइपमध्ये ‘न दिलेलं’ आणि ‘नल दिलेलं’ वेगळं करा

इनपुट टाइप म्हणजे एपीआयला पाठवायच्या माहितीचा टाइप. खरेदीची नोंद दुरुस्त करणारं इनपुट घ्या. त्यात ‘शेरा’ हे फील्ड पाठवलंच नाही, तर जुना शेरा तसाच राहतो का? नल पाठवलं तर पुसला जातो का? ग्राफक्यूएल या दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखू शकतं, पण त्यांचा अर्थ तुमचा सर्व्हर ठरवतो. तो दोन छोट्या वाक्यांत लिहा. टाइपमध्ये न मावणाऱ्या मर्यादाही इथेच सांगा : वजन शून्यापेक्षा जास्त हवं, तारीख पुढची चालत नाही, काट्याच्या पावतीचा क्रमांक त्या हंगामात पुन्हा चालत नाही.

पायरी 6 : जुनं फील्ड मोडीत काढताना वाट दाखवा

जुनं ‘वजन’ काढून ‘निव्वळ वजन’ आणायचं असेल, तर जुन्यावर ‘@डेप्रिकेटेड’ लावा आणि कारण स्वतःच्या शब्दांत लिहा. ते दिलं नाही तर ‘आता आधार नाही’ अशा अर्थाचं ठरलेलं इंग्रजी वाक्य दिसतं, त्यातून कोणाला काही कळत नाही. त्याऐवजी : ‘निव्वळ वजन वापरा. यात गाडीचं वजन धरलं जात होतं. 2026-27 च्या हंगामापासून हे फील्ड बंद.’ हंगामाच्या मध्यात, दिवाळीनंतर आवक जोरात असताना, कुठलंही फील्ड बंद करू नका.

पायरी 7 : बाहेर देण्याआधी तपासा

वर्णन नसलेलं फील्ड यंत्राकडून शोधून घ्या. ग्राफक्यूएल-ईएसलिंटमध्ये वर्णन सक्तीचं करणारा नियम आहे, आणि ग्राफक्यूएल इन्स्पेक्टर जुना-नवा स्कीमा ताडून मोडतोड दाखवतं. सुरक्षेसाठी इंट्रोस्पेक्शन बंद ठेवत असाल, तर स्कीमाची फाइल किंवा तिच्यावरून केलेलं साधं वेबपान वेगळं द्या. फाइल लहान असते, व्हॉट्सॲपवर जाते आणि नेट नसतानाही उघडते.

वर्णन आहे का, हे यंत्र सांगेल. ते कळतं का, हे माणसालाच विचारावं लागतं. काट्यावर बसणाऱ्या दादांना आणि चुकारे काढणाऱ्या ताईंना शेजारी बसवून प्रत्येक वर्णन मोठ्याने वाचून दाखवा. “हे वजन गाडीसकट का?” “कपात हमालीच्या आधीची की नंतरची?” “चुकाऱ्याची तारीख म्हणजे चेक लिहिल्याची की खात्यात जमा झाल्याची?” असे प्रश्न येतील. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथेच त्या फील्डच्या वर्णनात उतरवा आणि मग फाइल बाहेर द्या.