नाईट ड्युटीला डॉक्टरांना फोन लावायच्या आधी काय बघायचं

नवीन जॉईन झालेल्या सिस्टर आणि ब्रदर लोकांसाठी लिहितेय. ऑर्डर डॉक्टरांची असते हे खरं, पण ती आत्ता, या पेशंटला द्यायची की थोडं थांबून विचारायचं हे बेडजवळ उभं असणाऱ्यालाच कळतं.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला बऱ्याच पेशंटचा डबा गावाहून येतो, पारोळ्याची एसटी लेट झाली की आठचा डबा साडेनऊला. चार्टवर रेग्युलर इन्सुलिन, जे जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायचं असतं. मग आधी विचारा डबा कुठंय, शुगर चेक करा, डबा लांब असेल तर डॉक्टरांना कळवून डोसची वेळ बदलून घ्या. आणि बाबांना कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीशिवाय घास उतरत नसेल तर भाकरी बंद करू नका, किती खायची ते त्यांच्याशीच बोलून ठरवा, नाहीतर इन्सुलिन अंगात, ताट तसंच आणि शुगर एकदम खाली. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की पहिले शुगर बघा. 70 च्या खाली असेल, पेशंट शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत चेक. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, लगेच डॉक्टर, डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) शिरेतून.

श्वास खरोखर मोजा, पूर्ण एक मिनिट! अख्ख्या वॉर्डाचे श्वास न मोजताच 18 कसे येतात ते आपल्याला माहितीये. मोठ्या माणसाचे 12 ते 20 ठीक, 25 च्या वर गेले तर बीपी चांगलं दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. सून म्हणाली "आजी आज येगळ्याच वागताय" तर तेही नोंदवा, घरच्यांना ते आपल्याआधी दिसतं.

नंदुरबारकडचे, धडगाव-अक्कलकुव्याचे सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार, यात अंग खूप दुखतं) पेशंट आले की जास्त सांभाळून. पोरगी गप्प पडून मोबाईल बघतेय म्हणजे दुखत नाही असं नसतं, त्यांना दुखणं सोसायची सवय झालेली असते. "कोठे दुखस, माय?" असं विचारा, पावरी (तिकडची आदिवासी बोली) बोलणारी असेल तर सोबतच्या बाईला मध्ये घ्या, 0 ते 10 मध्ये किती ते लिहा, लिहिलेलं पेनकिलर वेळेवर द्या. पाणी भरपूर, कूलरच्या झोतातून बेड हलवा कारण थंडीने दुखणं वाढतं. ताप, छातीत दुखणं किंवा सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) उतरतंय दिसलं तर लगेच फोन.

फोनवर "सर, पेशंट बरा वाटत नाही" म्हटलं की समोरून "बघतो" येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा सरळ: "सर, बेड 6, न्यूमोनियाचे बाबा, दहाला श्वास 20 होते आता 28, सॅच्युरेशन 95 वरून 90, ऑक्सिजन लावलाय, तुम्ही येऊन बघा." मग वेळ टाकून नोट लिहा, काय सांगितलं आणि काय उत्तर आलं दोन्ही, आणि 15-20 मिनिटात कोणी आलं नाही तर परत लावा, झोपमोड झाली म्हणून ओरडले तरी.