कॅन्सरच्या पेशंटची काळजी: वय विसरून होणाऱ्या या चुका टाळा

केमो ठरली की घरोघरी तेच सुरू होतं: बीटाचा रस, व्हॉट्सॲपवरचं डाएट आणि ‘पॉझिटिव्ह राहा’. पेशंट आठ वर्षांचा असो, पंचविशीतला असो की पंचाहत्तरीचा. मुंबईत परळला कॅन्सरच्या उपचारासाठी येऊन राहणाऱ्या कुटुंबांमध्ये काम करताना वर्षानुवर्षं हेच बघतेय.

‘वय झालंय, चालायचंच’

सगळ्यांत घातक चूक ही. सोलापूरकडच्या एक आजी केमोनंतर पहाटे असंबद्ध बोलायला लागल्या. मुलगा म्हणाला, ‘दगदग झालीय, झोपू द्या.’ सुनेनं हट्टानं शुगर तपासली, तर पन्नासच्या खाली! तोंड आल्यामुळे पेजसुद्धा गिळवत नव्हती, मधुमेहाची गोळी मात्र वेळच्या वेळी चालू. सून गप्प बसली असती तर आजी गेल्याच होत्या.

म्हाताऱ्या माणसाच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आधीच चालू असतात, त्यात केमोची भर पडते. म्हणून मी घरातली सगळी औषधं, वैद्याच्या चूर्णासकट, पिशवीत भरून आणायला लावते आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करायला सांगते. ‘यादी करून आणतो’ म्हणणाऱ्यांच्या यादीत निम्मी औषधं नसतात. जेवण तुटलं तर कोणती गोळी थांबवायची, हे केमोच्या आधीच विचारून ठेवा. आपल्या मनानं काही बंद करू नका.

शिवाय या वयात इन्फेक्शन झालं तरी कधीकधी ताप येतच नाही. अचानक गोंधळणं, गुंगी, तोल जाणं दिसलं तरी हॉस्पिटल गाठा.

तरुण पेशंटशी आईबापांमार्फत बोलणं

वृषणाचा कॅन्सर झालेला एक कॉलेजचा मुलगा. प्रत्येक प्रश्नाला उत्तर वडिलांचं. केमोच्या आदल्या दिवशी वडील बिल भरायला गेले, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, ‘मला पुढे मूल होईल ना?’ शुक्राणू गोठवून ठेवायला फार वेळ लागत नाही, पण ते केमोआधीच करावं लागतं. डॉक्टरांनी केमो दोन दिवस पुढे ढकलली. मुलींची स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून त्यांच्या बाबतीत निदान झाल्या झाल्या विचारा. मी सरळ आईबापांना चहाला पिटाळते.

बाकीच्या

लहान मुलाला ‘फिरायला जातोय’ सांगून सुईला नेऊ नका. पुढच्या वेळी ते दारातच भोकाड पसरतं.

केमो चालू असताना 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सी, कुठल्याही वयात. पण मुलांना पॅरासिटामॉल पाजून सकाळची वाट बघणारेच जास्त भेटतात.

चाळिशीतल्या बाईला ‘कशी आहेस?’ विचारलं की ‘बरी आहे’ हेच ऐकू येणार. त्यापेक्षा मुलांचे डबे कोण करतंय, रजा किती उरलीय, घराचा हप्ता कसा भरताय, हे विचारा.

नव्या स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी तक्ता हवा असतो, कुठल्या वयाला काय सांगायचं त्याचा. मी देत नाही. ओपीडीच्या बाकावर आधी आठवडाभर नुसतं बसा, मग बोलू.